टेंबे, गोविंद सदाशिव

टेंबे, गोविंद सदाशिव : (५ जून १८८१–९ ऑक्टोबर १९५५). मराठी रंगभूमीवरील एक श्रेष्ठ संगीतरचनाकार, हार्मोनियमवादक, गायक-नट, नाटककार आणि संगीतविषयक लेखक. तसेच मराठी बोलपटाच्या अगदी आरंभकाळातील प्रमुख संगीत-दिग्दर्शक. त्यांचा जन्म कोल्हापूरजवळील सांगवडे ह्या गावी झाला. मराठी नाट्यसंगीताला हिंदुस्थानी रागसंगीताचे, विशेषतः ठुमरी-दादऱ्यासारख्या भावप्रधान गानप्रकारांचे अधिष्ठान मिळवून देण्याचे श्रेय ज्या मोजक्या व्यक्तींकडे जाते, त्यांत टेंबे ह्यांचे स्थान अग्रभागी आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांच्या ‘मानापमान’ (१९११) ह्या नाटकाला त्यांनी दिलेल्या चालींपासून नाट्यसंगीताच्या इतिहासातील एका नव्या कालखंडाचा प्रारंभ मानला जातो.

पार्श्वभूमी : अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ नाटकाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि मराठी संगीत नाटकाचे स्वरूप निश्चित झाले. ह्या पहिल्या पर्वातील पदे मुख्यतः महाराष्ट्रात आधीच रुळलेल्या चालींवर रचलेली होती. साकी, दिंडी, कामदा, ओवी ह्यांसारखी वृत्ते, कीर्तनातील पदे, लावणीची वळणे आणि काही कर्नाटकी चाली हे त्यांचे मूलस्रोत होते. पद हे संवादाचाच एक भाग होते. ते आटोपशीर असे आणि ते संपताच कथानक पुढे सरके. भाऊराव कोल्हटकरांसारख्या असामान्य गळ्याच्या नटाने ही पदे लोकांच्या ओठी नेली. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’ (१८९६) व नंतरच्या नाटकांत पारशी व उर्दू रंगभूमीवरील चाली आणल्या. त्यांच्यामुळे नाविन्य आले, तथापि मराठी प्रेक्षकांच्या कानाला त्या बराच काळ परक्याच वाटत राहिल्या. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकाने पुन्हा घरगुती, सोप्या चालींचा आश्रय घेतला व त्यात मोठे यश मिळविले. एकोणिसावे शतक संपताना नाट्यसंगीतापुढे प्रश्न होता तो असा : जुन्या चालींचा साठा संपत आला असता नव्या चाली आणावयाच्या कोठून, आणि त्या आणताना नाटकाचे नाटकपण टिकवावयाचे कसे? टेंबे ह्यांचे कार्य ह्या प्रश्नाचे एक उत्तर होते [⟶ नाट्यसंगीत].

कोल्हापूर व संगीतसंस्कार : टेंबे ह्यांची जडणघडण समजून घेण्यासाठी त्यांच्या बालपणीचे व तारुण्यातील कोल्हापूर ध्यानात घ्यावे लागते. १८९४ मध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या हाती राज्याधिकार आले. मल्लविद्येप्रमाणेच संगीत, नाट्य व चित्रकला ह्या कलांनाही त्यांनी उदार आश्रय दिला. जयपूर गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे १८९५ च्या सुमारास कोल्हापूर दरबारात रुजू झाले आणि १९२२ मध्ये महाराजांचे निधन होईपर्यंत त्यांचे वास्तव्य मुख्यतः कोल्हापुरातच होते. त्यांच्यामुळे देशातील नामवंत गायक-वादकांची शहरात ये-जा सुरू झाली.

दरबाराइतकीच, किंबहुना सामान्य रसिकाच्या दृष्टीने अधिक, महत्त्वाची संस्था म्हणजे देवल क्लब. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या ह्या गायनसमाजाने हौशी रसिकांना थोर कलावंतांच्या सहवासाची संधी उपलब्ध करून दिली. दरबारी गाणे निवडकांपुरते असे. क्लबातील बैठकीत मात्र विद्यार्थी, कारकून, वकील, व्यापारी असे नाना थरांतील लोक शेजारी-शेजारी बसून ऐकत. टेंबे ह्यांना रागसंगीताची पहिली ओळख येथेच झाली व ह्या संस्थेचे ऋण त्यांनी सदैव मानले. घराण्यात गायन-वादनाची परंपरा नसलेल्या मुलाला केवळ श्रवणाच्या बळावर संगीतात प्रवेश मिळू शकला, ही घटना त्या काळी सामान्य नव्हती. संगीतविद्या तेव्हा बहुतांशी पिढीजात होती आणि ती मिळविण्यासाठी गुरुगृही वर्षानुवर्षे सेवा करावी लागे.

टेंबे ह्यांनी कोणाही एका उस्तादाची रीतसर तालीम प्रदीर्घ काळ घेतली नाही. हार्मोनियमवादनात ते जवळजवळ स्वयंशिक्षितच होते. रागसंगीताचे मर्म मात्र त्यांना भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) ह्यांच्या सान्निध्यात उमगले. भास्करबुवांनी फैज महंमदखाँ, नथ्थनखाँ व अल्लादियाखाँ ह्या तीन थोर गायकांकडून विद्या मिळविली होती आणि ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर ह्या तीन परंपरांचा मेळ त्यांच्या गाण्यात झाला होता. त्यांच्या मैफलींत हार्मोनियमची साथ करताना टेंबे ह्यांना ह्या तिन्ही वळणांचा अगदी जवळून परिचय घडला. अल्लादियाखाँचे गाणेही त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले. त्यांचे ते गंडाबंध शिष्य नव्हते, तरी त्या गायकीचा खोल ठसा त्यांच्या सांगीतिक विचारावर उमटला.

हार्मोनियमवादन : हार्मोनियम हे मूळचे यूरोपीय वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे हाताने भाता चालविण्याजोगे सुटसुटीत रूप भारतात तयार होऊ लागले आणि अल्पावधीत ते कीर्तन, तमाशा, नाटक, मैफल असे सर्वत्र पसरले. सुरात लावण्याची खटपट नाही, आवाज मोठा, शिकावयास सोपे व किमतीने आवाक्यातले, ही त्याच्या लोकप्रियतेची कारणे होत. परंतु त्याच्या मर्यादाही उघड होत्या. त्याचे स्वर ठराविक पट्ट्यांत बांधलेले असल्यामुळे दोन स्वरांमधील सलग ओढ, म्हणजे मींड, त्यावर निघू शकत नाही. आणि समान अंतरांच्या स्वरमेळामुळे रागागणिक बदलणाऱ्या सूक्ष्म श्रुतीही त्यातून मिळत नाहीत. म्हणून अनेक शास्त्रज्ञ व गायक ह्या वाद्याकडे तुच्छतेने पाहत. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून वगळले आणि हा निर्बंध शिथिल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले.

अशा उपेक्षित वाद्याला टेंबे ह्यांनी मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. साथीपुरते मर्यादित असलेल्या ह्या वाद्याच्या स्वतंत्र वादनाचे कार्यक्रम होऊ शकतात, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांचे वादन गायकी अंगाचे होते. भात्याच्या दाबावर काटेकोर ताबा ठेवून स्वराची तीव्रता कमीजास्त करणे, एक पट्टी सुटण्यापूर्वी दुसरीवर बोट अलगद आणून स्वर सलग असल्याचा आभास निर्माण करणे, खटका-मुरकी व कणस्वर ह्यांच्या योगाने मींडेची उणीव भरून काढणे, ही त्याची वैशिष्ट्ये सांगता येतील. वाद्याचा दोष नाकारण्यापेक्षा तो जाणून घेऊन त्यावर मात करण्याची ही वृत्ती होती. पुढील काळात महाराष्ट्रात स्वतंत्र हार्मोनियमवादनाची जी समृद्ध परंपरा निर्माण झाली, तिच्या आद्य प्रवर्तकांत टेंबे ह्यांची गणना होते. स्वतः टेंबे मात्र कालांतराने ह्या वाद्यापासून दूर होत गेले. त्यांचे मन गायनाकडे, रचनेकडे व चिंतनाकडे अधिकाधिक वळले.

हार्मोनियमच्या ह्या व्यासंगाचा त्यांच्या रचनाकार्याला थेट उपयोग झाला. साथीदाराला गायकाच्या गळ्यातून पुढे काय येणार, ह्याचा सतत अंदाज बांधावा लागतो. निरनिराळ्या गायकांच्या आवाजाची धाटणी, श्वासाची मर्यादा व आवडीची स्वरस्थाने त्याच्या ध्यानात राहतात. शिवाय देशभरातील अगणित चिजा त्याच्या कानावरून जातात. नाटकासाठी चाली निवडताना टेंबे ह्यांना हा संचय हाताशी होता.

‘मानापमान’ : खाडिलकरांनी तोवर ‘कीचकवध’ (१९०७) सारखी गद्य नाटके लिहून कीर्ती मिळविली होती. ‘मानापमान’ हे त्यांचे पहिले संगीत नाटक. किर्लोस्कर नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत केला. नानासाहेब जोगळेकर धैर्यधराच्या आणि बालगंधर्व (नारायणराव राजहंस) भामिनीच्या भूमिकेत होते. धनाच्या मानाला भुलून शूर परंतु निर्धन सेनापती धैर्यधर ह्याचा अपमान करणारी भामिनी वनमालेच्या वेषाने त्याच्या सहवासात येते आणि तिला पराक्रमाची खरी किंमत कळते, असे ह्या नाटकाचे कथानक आहे.

त्या काळची पदरचनेची पद्धत आजच्याहून वेगळी होती. आधी काव्य व मग चाल असा क्रम बहुधा नसे. संगीतरचनाकार एखादी प्रचलित चीज निवडून गाऊन दाखवी आणि नाटककार तिच्या मात्रांत, तिच्या खटक्यांच्या जागा सांभाळून मराठी शब्द बसवी. त्यामुळे रचनाकाराचे काम केवळ सूर जुळविण्याचे नसून मुख्यतः निवडीचे असे. कोणत्या प्रसंगाला कोणता राग, कोणती लय, कोणता ताल. कोणती चीज कोणत्या नटाच्या गळ्याला मानवेल. सलग दोन पदांच्या प्रकृतीत पुरेसे वैचित्र्य आहे की नाही, ह्या सर्वांचा निर्णय त्याला घ्यावा लागे. खाडिलकर हे गायक नव्हते. त्यामुळे ‘मानापमान’ च्या बाबतीत हा भार टेंबे ह्यांच्यावर विशेषच पडला.

टेंबे ह्यांनी ह्या नाटकासाठी मुख्यतः पूरब अंगाच्या ठुमऱ्या, दादरे व तत्सम ललित चिजांचा आधार घेतला. उत्तर हिंदुस्थानातील ही गायकी शब्दाचा भाव स्वरांच्या विविध छटांनी खुलविणारी आहे; ख्यालाप्रमाणे रागाचा विस्तार हे तिचे मुख्य लक्ष्य नाही. त्यामुळे ती नाट्यप्रसंगाला स्वभावतःच जवळची ठरली. भामिनीचा अभिमान, तिचे लाडिक रुसणे, मनात जागे होणारे प्रेम ह्या अवस्थांना ह्या चालींतून अनुरूप स्वररूप मिळाले. धैर्यधराच्या वीरवृत्तीसाठी ठाशीव लयीच्या, जोरकस उठावाच्या चाली निवडण्यात आल्या. एकाच नाटकात दोन प्रमुख पात्रांचे गाणे त्यांच्या स्वभावानुसार वेगळे राखण्याचा हा प्रयत्न लक्षणीय होता. दुसरे असे, की ह्या चाली विस्ताराला वाव देणाऱ्या होत्या. समर्थ गायक-नट त्यांत दरवेळी नवी भर घालू शके. बालगंधर्वांच्या लवचिक व गोड गळ्याला त्या इतक्या मानवल्या, की पुढील पिढ्यांना गायक आणि चाल ह्यांत भेद करणेच कठीण झाले.

ह्या यशाला दुसरीही बाजू होती. पद विस्तारक्षम झाल्यामुळे ते लांबू लागले. प्रेक्षकांच्या आग्रहाखातर एकच पद पुन:पुन्हा म्हटले जाई, कथानक खोळंबे व प्रयोग उत्तररात्रीपर्यंत चाले. आधी ठरलेल्या चालीत शब्द बसवावे लागल्यामुळे काही पदांत अन्वय क्लिष्ट झाला व ऱ्हस्वदीर्घांची ओढाताण झाली. रंगभूमीचे मैफलीत रूपांतर झाले, हा संगीत नाटकावरील पुढील काळातील आक्षेप ‘मानापमान’ पासून सुरू झालेल्या ह्या प्रवृत्तीलाच उद्देशून आहे. मात्र ह्याच प्रवृत्तीमुळे, एरवी दरबारापर्यंत व कलावंतिणींच्या बैठकींपर्यंत मर्यादित राहिलेले संगीत तिकीट काढून येणाऱ्या सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचले, हेही तितकेच खरे. रागांची नावे न जाणणाऱ्या हजारो श्रोत्यांच्या कानांवर त्या रागांचे संस्कार झाले, ते नाट्यपदांच्या द्वारा.

चालींच्या अंगभूत सामर्थ्याची कसोटी दहा वर्षांनी लागली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ चा प्रयोग झाला. त्यात बालगंधर्व भामिनी झाले आणि ललितकलादर्श मंडळीचे संस्थापक, कोल्हापूरचे केशवराव भोसले (१८९०–१९२१) धैर्यधर झाले. एकाची गायकी मधुर व आर्जवी, दुसऱ्याची तडफदार व पल्लेदार. प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या ह्या दोन गायक-नटांना एकाच रंगमंचावर आपापला बाणा पूर्णपणे प्रकट करता आला, ह्यात टेंबे ह्यांच्या चालींच्या व्यापकतेचाही वाटा होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचा अकाली मृत्यू झाला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी लागलेल्या आगीत ह्या ऐतिहासिक नाट्यगृहाची फार मोठी हानी झाली.

नाटक मंडळ्या : ‘मानापमान’ च्या पहिल्या प्रयोगानंतर काही महिन्यांतच नानासाहेब जोगळेकरांचे निधन झाले. पुढे टेंबे हे किर्लोस्कर नाटक मंडळीत गायक-नट म्हणूनही उभे राहिले व त्यांनी धैर्यधराची भूमिका केली. मंडळीतील अंतर्गत मतभेद विकोपाला जाऊन ५ जुलै १९१३ रोजी बालगंधर्व, गणपतराव बोडस व टेंबे ह्या तिघांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. एक असामान्य गायक-नट, एक कसलेला गद्यनट आणि एक संगीतरचनाकार अशी ही त्रयी होती. चालकांत संगीतरचनाकाराला बरोबरीचे स्थान असणे ही त्या काळच्या नाट्यव्यवसायातील नवी गोष्ट होय. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रयही मंडळीला लाभला.

परंतु ही भागीदारी टिकली नाही. संगीत नाटक मंडळी चालविणे हा अत्यंत खर्चाचा व्यवहार होता. नट, साथीदार, पडदे, पोषाख, दागिने, आचारी ह्यांसह मोठा परिवार घेऊन गावोगाव मुक्काम करावा लागे. उत्पन्न अनिश्चित व कर्ज मात्र निश्चित, अशी बहुतेक मंडळ्यांची स्थिती होती. दोनएक वर्षांतच टेंबे गंधर्व मंडळीतून बाहेर पडले. पुढे बोडसही वेगळे झाले. टेंबे ह्यांच्यानंतर मंडळीच्या ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकाला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. त्यांनी ख्यालाच्या अंगाचा अधिक वापर करून ‘मानापमान’ ने उघडलेली वाट आणखी रुंद केली. गुरूने शिष्यतुल्य रचनाकाराच्या प्रयोगाला पुढे नेल्याचे हे एक विरळ उदाहरण आहे.

टेंबे ह्यांनी त्यानंतर स्वतःची शिवराज संगीत मंडळी काढली. तेथे संगीतरचना, भूमिका व व्यवस्थापन ह्या तिन्ही जबाबदाऱ्या त्यांच्यावर होत्या. नाटककार म्हणूनही त्यांनी लेखणी चालविली. ‘पट-वर्धन’, ‘वरवंचना’, ‘तुलसीदास’ ही त्यांची नाटके होत. स्वतःच कवी व स्वतःच रचनाकार असल्यामुळे शब्द आणि स्वर ह्यांच्यातील पूर्वीचे ओढाताणीचे नाते सुधारण्याची संधी त्यांना येथे मिळाली. मात्र ‘मानापमान’ ची लोकप्रियता त्यांच्या नंतरच्या कोणत्याही नाटकाला लाभली नाही. बालगंधर्वांसारखा गळा पाठीशी नसणे आणि एकाच व्यक्तीवर सर्व भार पडणे, ही त्याची कारणे दिसतात.

नाटकातील वाद्यसाथ हा टेंबे ह्यांच्या काळात पालटत गेलेला आणखी एक विषय होय. जुन्या रंगभूमीवरील सारंगी-तबल्याच्या साथीत हार्मोनियमची व पुढे पायाने भाता चालविण्याच्या ऑर्गनची भर पडली. ऑर्गनचा भरघोस व अखंड नाद मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे आणि गायकाच्या दोन तानांमधील पोकळी भरून काढी. गंधर्व मंडळीत पुढे सारंगीला कादरबक्ष व तबल्याला अहमदजान थिरकवा ह्यांच्यासारखे कलावंत बसू लागले आणि रंगमंचापुढील ही साथ स्वतंत्र आकर्षणाचा विषय झाली. हार्मोनियमला गायकाच्या बरोबरीने बोलावयास लावणाऱ्या टेंबे ह्यांच्या वादनाने ह्या बदलाला अनुकूल अशी श्रोत्यांची अभिरुची घडविली होती.

बोलपटांतील कार्य : कोल्हापुरात नाट्यव्यवसाय व चित्रपट ह्यांचे नाते प्रारंभापासून निकटचे होते. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या बाबूराव पेंटरांनी तेथे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. १९३१ मध्ये भारतात बोलपट अवतरला. त्याला गाणाऱ्या नटांची व संगीतकारांची निकड होती आणि ह्या दोन्ही गोष्टी तयार स्वरूपात फक्त रंगभूमीवरच होत्या. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२, दिग्दर्शक व्ही. शांताराम) ह्या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीत टेंबे ह्यांनी दिले व त्यात राजा हरिश्चंद्राची मुख्य भूमिकाही केली. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. ह्यावेळी टेंबे ह्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

पार्श्वगायनाची पद्धत तोवर आलेली नव्हती. नटाला कॅमेऱ्यापुढे अभिनय करीतच गावे लागे. वादकांना चित्रचौकटीबाहेर परंतु ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात बसवावे लागे. गाणारा व वाद्ये ह्यांच्या आवाजाचा तोल नंतर दुरुस्त करता येत नसे. चित्रफितीची लांबी मोजकी असल्यामुळे रंगभूमीवर मनसोक्त फुलणारे पद काही मिनिटांत आटोपणे भाग पडे. विस्तार हेच ज्या गायकीचे बलस्थान, तिला येथे संक्षेप शिकावा लागला. टेंबे ह्यांची चित्रपटगीते रंगभूमीच्या वळणाची असली, तरी त्यांतील आटोपशीरपणा हा नव्या माध्यमाचा परिणाम आहे. प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’ (१९३२), ‘सिंहगड’ (१९३३) व ‘सैरंध्री’ (१९३३) ह्या बोलपटांनाही त्यांचे संगीत होते. ‘माया मच्छिंद्र’ मध्ये त्यांनी मच्छिंद्रनाथाची भूमिका केली.

१९३३ मध्ये प्रभात कंपनी पुण्यास गेली. ‘अमृतमंथन’ (१९३४) पासून केशवराव भोळे ह्यांनी तेथे चित्रपटाला अनुरूप अशा भावगीतसदृश, सुटसुटीत संगीताची दिशा धरली. १९३५ मध्ये पार्श्वगायनाचे तंत्र भारतात आल्यानंतर गाणारा नट ही चित्रपटाची अपरिहार्य गरज उरली नाही. टेंबे ह्यांनी पुढेही काही चित्रपटांना संगीत दिले. परंतु त्यांची खरी ऐतिहासिक कामगिरी रंगभूमी व बोलपट ह्यांमधील संक्रमणाच्या काळातच झाली. ‘अयोध्येचा राजा’ आज उपलब्ध असल्यामुळे टेंबे ह्यांचे गायन व अभिनय प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. बालगंधर्वपूर्व व बालगंधर्वकालीन बहुतेक नटांच्या बाबतीत असे साधन नाही.

लेखन : टेंबे ह्यांच्या उत्तरायुष्यातील महत्त्वाचे कार्य म्हणजे त्यांचे ग्रंथलेखन. ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) ह्या ग्रंथात त्यांनी आपल्या सांगीतिक प्रवासाबरोबरच ऐकलेल्या गायक-वादकांची चिकित्सक शब्दचित्रे रेखाटली. ‘कल्पनासंगीत’ मध्ये संगीतातील सर्जनशीलतेचा विचार आहे. ‘माझा जीवनविहार’ (१९४८) हे त्यांचे आत्मचरित्र असून नाटक मंडळ्यांच्या अंतरंगाचे ते एक मोलाचे साधन आहे. अल्लादियाखाँचे त्यांनी लिहिलेले चरित्र १९५४ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाले.

ह्या लेखनाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर ते प्रत्यक्ष श्रोत्याचे आहे. अल्लादियाखाँनी आपले गायन ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. भास्करबुवांच्याही गाण्याचा ध्वनिलेख मागे राहिलेला नाही. ह्या दोन थोर गायकांचे गाणे कसे होते, हे जाणून घ्यावयाचे तर शिष्यपरंपरेखेरीज टेंबे ह्यांच्यासारख्या जाणकाराच्या शब्दांवरच विसंबावे लागते. दुसरे म्हणजे, ते लेखन भक्तिभावाच्या आहारी गेलेले नाही. गुण सांगताना ते नेमके शब्द वापरतात : आवाजाचा लगाव, लयीशी खेळण्याची रीत, तानेची बांधणी ह्यांविषयी ते बोलतात. संगीताच्या अनुभवाला मराठी गद्यात शब्द मिळवून देणाऱ्या पहिल्या पिढीतील ते एक प्रमुख लेखक ठरतात. अखेरच्या काळात त्यांनी ‘महाश्वेता’ व ‘जयदेव’ ह्या संगीतिकाही रचल्या. आधी चाल व मागून शब्द ह्या पद्धतीने कारकीर्द सुरू करणारा रचनाकार अखेरीस संपूर्ण नाट्याचाच स्वरांतून विचार करू लागला, असे त्यांवरून म्हणता येईल.

मूल्यमापन : टेंबे ह्यांच्या कर्तृत्वाचे मोजमाप करताना एक अडचण येते. नाटकाच्या जाहिरातीत व लोकांच्या स्मरणात नाव राहते ते गायक-नटाचे; ग्रंथावर नाव असते नाटककाराचे. चाल देणाऱ्याचे कार्य ह्या दोहोंच्या मध्ये विरून जाते. त्यातही मूळ चीज परंपरेतील असल्यामुळे त्यात रचनाकाराचे स्वतःचे काय, असा प्रश्न उपस्थित केला जातो. परंतु निवड, संक्षेप, लयीचा बदल, पात्र व प्रसंग ह्यांच्याशी साधलेली संगती आणि गायकाच्या गळ्याची पारख ह्या गोष्टीच नाट्यसंगीतातील रचनेचे सार आहेत. त्याच चिजा इतरांनाही ठाऊक होत्या. मराठी नाटकात त्या कोठे व कशा बसतील, हे प्रथम टेंबे ह्यांना दिसले.

१९३० नंतर संगीत नाटकाचा बहर ओसरू लागला. बोलपटाने प्रेक्षक ओढून नेला. ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) सारख्या नाटकांनी वास्तववादी मांडणी व मोजकी गाणी ह्यांचा पुरस्कार केला. मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. तथापि ‘मानापमान’ मधील पदे नाटकाशिवायही जगली. शास्त्रीय गायकांच्या मैफलींत, नाट्यसंगीताच्या स्पर्धांत व विद्यार्थ्यांच्या अभ्यासात ती कायम राहिली. ह्या नाटकाच्या कथानकावर आधारलेला मराठी चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला; एका शतकाहून अधिक काळानंतर नव्या संगीतकारांना त्या मूळ चालींच्या स्मृतीशी स्पर्धा करावी लागली, हीच त्या चालींच्या टिकाऊपणाची साक्ष होय.

सांगवड्याच्या एका मुलाने परक्या मुलखातून आलेले वाद्य हाती घेऊन, रीतसर तालमीवाचून, निव्वळ श्रवण व चिंतन ह्यांच्या बळावर हिंदुस्थानी संगीत आत्मसात केले आणि ते मराठी भाषेच्या व मराठी प्रेक्षकाच्या स्वाधीन केले. वादक, रचनाकार, नट, मंडळीचालक व लेखक अशा पाच भूमिकांत वावरताना प्रत्येक ठिकाणी त्यांना पूर्ण यश लाभले असे नाही. व्यवसायात तर त्यांच्या वाट्याला अस्थैर्यच अधिक आले. परंतु मराठी संगीत नाटकाला गाण्याची जी भाषा त्यांनी दिली, ती नाटक मंडळ्यांच्या मागेही टिकून राहिली.